पत्र गेले, पण म्हणणे पोचले का?

दर रविवारी असरच्या नमाजनंतर आम्ही तीन-चार जण चिपळुणातल्या आमच्या मोहल्ल्याच्या वाचनालयात बसतो. एक निवृत्त हेडक्लार्क, एक शिक्षिका, एक बँकेतले गृहस्थ आणि सवड असेल तेव्हा कायद्याचा अभ्यास करणारी एक मुलगी. सुरुवात झाली ती लोकांचे फॉर्म भरून देण्यापासून. रेशनकार्ड, शिष्यवृत्ती, पासपोर्ट. पण वर्षभरात फॉर्म मागे पडले आणि लोक वेगळेच कागद घेऊन येऊ लागले. "कंपनीला पत्र द्यायचंय, जरा नजर टाका." "साहेबांना मेल करायचाय, इंग्रजी बरोबर आहे का बघा." "पगारवाढीसाठी काय लिहू?"

असे शेकडो कागद हाताखालून गेल्यावर एक गोष्ट आमच्या लक्षात आली. जवळजवळ प्रत्येक जण आपली भाषा कच्ची आहे म्हणून शरमत येतो. उर्दू माध्यमात शिकलेला मुलगा म्हणतो, माझी मराठी शुद्ध नाही. मराठी माध्यमातला म्हणतो, माझी इंग्रजी कच्ची आहे. आणि कागद वाचला की दिसते, चुका आहेत, पण काम अडले आहे ते चुकांमुळे नाही. ते अडले आहे कारण वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की लिहिणाऱ्याला नेमके हवे काय आहे.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो.

जुलैच्या पहिल्या रविवारी फॅब्रिकेशनचे वर्कशॉप चालवणारे एक भाई आले. हाताखाली चार कारागीर, काम चोख. एका कंपनीला त्यांनी चाळीस लोखंडी रॅक करून दिले होते आणि पाच महिने झाले तरी पैसे मिळाले नव्हते. तीन पत्रे देऊन झाली होती. चौथे आम्हाला दाखवायला आणले होते. ते असे होते: आपल्या नामांकित कंपनीशी आमचे चार वर्षांचे स्नेहाचे संबंध आहेत, आपल्या सहकार्याबद्दल आम्ही सदैव ऋणी आहोत, लोखंडाचे भाव वाढले आहेत, कारागिरांचे पगार थकले आहेत, अम्मीचे डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे, मुलीची फी भरायची आहे, तरी आपण आमच्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती.

पान भरले होते. आमच्यातल्या हेडक्लार्कसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, "भाई, बिल नंबर?" तो पत्रात नव्हता. "बाकी किती?" तीही नव्हती. "माल कधी पोचवला? चलनावर कुणाची सही आहे? पैसे कधीपर्यंत हवेत?" यांतले काहीच पत्रात नव्हते. भाईंना सगळे तोंडपाठ होते. कागदावर मात्र अम्मीचे ऑपरेशन होते.

हेडक्लार्कसाहेबांनी तीस वर्षे आवक-जावकच्या टेबलावर काढली आहेत. ते म्हणाले, हे पत्र माझ्याकडे आले असते तर मी काय केले असते सांगू? वाचले असते, वाईट वाटले असते आणि फाइलला लावले असते. कारण त्यावर करण्यासारखे काही नाही. 'योग्य ती कार्यवाही' म्हणजे कोणती, हे लिहिणाऱ्याने मला सांगितलेलेच नाही.

मग सगळ्यांनी मिळून ते पत्र पुन्हा लिहिले. विषयाच्या ओळीतच बिल क्रमांक, तारीख आणि बाकी रक्कम आली. मजकूर असा झाला:

"महोदय, वरील बिलाची बाकी १,८६,००० रुपये ३१ जुलैपर्यंत आमच्या खात्यात जमा करावी, ही विनंती. आपल्या ऑर्डरप्रमाणे ४० लोखंडी रॅक १२ फेब्रुवारी रोजी आपल्या स्टोअरमध्ये पोचवले. चलनावर स्टोअरची सही व शिक्का आहे. बिलाची रक्कम जीएसटीसह २,३६,००० रुपये असून त्यापैकी ५०,००० रुपये आगाऊ मिळाले आहेत. ऑर्डर, चलन आणि बिल यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. बिलाबाबत काही हरकत असल्यास २० जुलैपर्यंत लेखी कळवावे. आपला विश्वासू."

खाली बँक खात्याचा तपशील आणि फोन नंबर. एवढेच.

भाईंनी ते दोनदा वाचले आणि मान हलवली. "हे फार रोखठोक वाटतं. साहेब रागावतील. पुढचं काम जाईल."

ही भीती आम्ही पुन्हा पुन्हा ऐकतो आणि तिला हसण्यावारी नेणे बरोबर नाही. लहान धंदेवाल्याला पुढचे काम हवे असते. नोकरदाराला साहेबाची मर्जी हवी असते. पण त्या पत्रात उद्धट असे काय आहे? महोदय आहे, विनंती आहे, हरकत घेण्याची संधीही दिली आहे. आपल्याकडे अदब म्हणजे लांबण असा एक समज बसला आहे. ज्याच्याकडे मागायचे त्याची आधी चार ओळी तारीफ करायची, मग आपली मजबुरी सांगायची आणि मागणे अगदी शेवटी, तेही आडून. जुन्या दरबारी अर्जांची ही रीत असावी. ती शाळेच्या निबंधाच्या वहीतून आपल्या हातात आली आणि तिथेच राहिली. समोरच्याचा वेळ वाया न घालवणे हीसुद्धा अदबच आहे, असे आम्ही भाईंना म्हणालो. त्यांना ते पुरते पटले नसावे. पण चौथे पत्रही तसेच दिले तर पाचवे लिहावे लागेल, हे मात्र पटले.

मजबुरी कागदावर आणण्याबद्दल आमच्यात थोडा वाद झाला. शिक्षिकाबाईंचे म्हणणे, माणुसकीला हाक मारण्यात गैर काय? त्यावर बँकेतले गृहस्थ म्हणाले, जे आपले हक्काचे आहे ते खैरातीसारखे मागितले की देणाराही ते खैरातीसारखेच देतो, सवडीने. आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. केलेल्या कामाचे पैसे मागताना अम्मीच्या डोळ्यांचा दाखला द्यावा लागू नये.

भाईंना त्यांच्या हक्काची आणखी एक बाजू ठाऊक नव्हती. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघू उद्योगाकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात आणि लेखी करार असला तरी ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास कायद्यात व्याजाचीही तरतूद आहे. व्याज घ्यायचे की नाही हा ज्याच्या त्याच्या ईमानाचा प्रश्न. भाईंनी ते नको म्हणून लगेच कानाला हात लावला. पण मुद्दल वेळेवर मागायला कुणाची आडकाठी नाही. मुदत टळल्यावर फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन तक्रारही करता येते. तिथे पहिला प्रश्न तोच येतो, जो हेडक्लार्कसाहेबांनी विचारला होता: ऑर्डर, चलन, बिल कुठे आहे?

आता एक जुनी गोष्ट. सूरह बकराची दोनशे ब्याऐंशीवी आयत ही कुरआनातली सर्वांत लांब आयत. तिचा विषय आहे देणे-घेणे लिहून ठेवणे. मुदत, साक्षीदार, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहिणे, रक्कम लहान असली तरी लिहायचा कंटाळा न करणे, हे सगळे त्यात येते. आपल्या घरांत ती तिलावत करणारे पुष्कळ आहेत, आणि त्याच घरांत मेहुण्याला दिलेले पन्नास हजार लिहून घेणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे मानणारेही पुष्कळ आहेत. कायद्याचा हिशेबही लक्षात ठेवण्याजोगा आहे: साधारणपणे उसनवारीची किंवा मालाच्या पैशांची वसुली तीन वर्षांच्या आत कोर्टात मागावी लागते. ती मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर तीन वर्षे नव्याने मोजली जातात. तोंडी "देतो, देतो"ने ती वाढत नाहीत.

भाषा कुणाची?

उर्दू माध्यमातल्या मुलांसाठी थोडे विषयांतर करतो. ही मुले मराठी कार्यालयात गेली की बिचकतात. त्यांना आम्ही एक खेळ खेळायला लावतो. मराठी कचेरीतले शब्द लिहा म्हणतो: अर्ज, तारीख, मुदत, रक्कम, हिशेब, वसूल, जामीन, नक्कल, दस्तऐवज, खुलासा, मजकूर, सदर, शिफारस, हजर, गैरहजर. मग विचारतो, यांतले किती शब्द घरात ऐकले आहेत? पोरे हसायला लागतात. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द शतकानुशतके मराठी कारभारात मुरलेले आहेत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात अशा शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले. तरी बोलण्यातून आणि कागदांतून अर्ज आणि तारीख गेले नाहीत. म्हणजे ज्या भाषेची भीती वाटते तिच्यातले निम्मे सामान आपल्याच घरातले आहे. शुद्धलेखन शिकता येते, कुणाकडून तपासूनही घेता येते. काय हवे आहे ते मात्र दुसरा कुणी तपासून देऊ शकत नाही.

इंग्रजीचेही तेच. नवी मुंबईत वाहतूक कंपनीच्या हिशेब खात्यात काम करणारी आमच्याच मोहल्ल्यातली एक मुलगी सुट्टीत आली होती. साहेबांनी वार्षिक आढाव्यात शेरा दिला होता: कम्युनिकेशन कमजोर. तिने मनाला लावून घेतले आणि बारा हजार रुपये भरून इंग्रजी बोलण्याच्या क्लासला नाव घातले. अब्बांना सांगितलेसुद्धा नाही. आम्ही म्हटले, तुझे पाच-सहा मेल दाखव. मेल पाहिले. इंग्रजी चांगली होती, आमच्यापेक्षा चांगली.

त्यातला एक मेल असा. एका ग्राहकाला एकच बिल दोनदा गेले होते. तिने एकोणीस ओळी लिहिल्या होत्या. विषयाच्या जागी 'रिगार्डिंग बिल'. मग सोमवारी काय झाले, मंगळवारी ग्राहकाचा फोन कसा आला, तिने कोणत्या सहकाऱ्याला विचारले, त्याने काय सांगितले, सॉफ्टवेअरमध्ये काय दिसले. सतरा ओळींनंतर प्रश्न: क्रेडिट नोट काढायची की पुढच्या बिलात वळते करायचे? आणि शेवटी 'प्लीज डू द नीडफुल'. साहेबांनी तो मेल प्रवासात मोबाइलवर उघडला, पहिल्या सहा ओळी वाचल्या, गोष्ट चालू आहे असे पाहून बंद केला. जीएसटीचे विवरण अकरा तारखेच्या आत भरायचे असते. निर्णय झाला नाही, चूक तशीच विवरणात गेली आणि पुढच्या महिन्यात दुरुस्तीचा व्याप झाला. शेरा कशाबद्दल होता, हे तिला तेव्हा उमगले.

घडले त्या क्रमाने सांगणे आपल्या स्वभावातच असते. घरी आल्यावर आपण तसेच सांगतो: बसमध्ये चढलो, मग ती भेटली, मग ती म्हणाली. ऐकणाऱ्याला मजा येते. कामाच्या कागदात मात्र शेवट आधी सांगावा लागतो. तिच्या मेलचा आम्ही जो नवा मसुदा केला त्यात विषय होता: 'निर्णय हवा, उद्या दुपारी ४ पूर्वी: ग्राहकाला दोनदा गेलेले बिल'. पहिली ओळ: अमुक बिल चुकून दोनदा गेले आहे, क्रेडिट नोट काढू का? दुसरी ओळ: माझ्या मते काढावी, कारण ग्राहकाने दुसरे बिल नाकारले आहे. तिसरी: विवरण अकरा तारखेला भरायचे आहे, म्हणून उद्यापर्यंत उत्तर हवे. बाकीची हकीकत खाली, ज्याला वाचायची त्याने वाचावी. साहेबाला 'हो' एवढेच टाइप करावे लागेल, असा मेल.

'माझ्या मते काढावी' हे लिहायला ती तयार नव्हती. म्हणाली, मी कोण मत देणारी? पण तीच तर त्या बिलाजवळ सर्वांत जवळ बसलेली होती. आपल्या मुली कामात हुशार असतात, रात्रीपर्यंत थांबतात, आणि कागदावर मात्र स्वतःला पुसून टाकतात. 'करण्यात आले', 'पाहण्यात आले'. कुणी केले? कुणी पाहिले? आढाव्याच्या वेळी साहेबाला आठवत नाही, कारण कागदावर नाव नव्हते. आम्ही तिला दर शनिवारी तीन ओळींचा मेल पाठवायला सांगितले: या आठवड्यात मी हे पूर्ण केले, हे अडले आहे, तुमच्याकडून हे हवे आहे. क्लासचे उरलेले पैसे परत मिळतात का, हेही विचारायला सांगितले. ते मिळाले नाहीत.

वॉरन बफे हे अमेरिकेतले मोठे गुंतवणूकदार. त्यांनी १९९८ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या सोप्या इंग्रजीवरच्या पुस्तिकेला प्रस्तावना लिहिली. त्यात ते सांगतात की कंपनीचा वार्षिक अहवाल लिहिताना ते आपल्या बहिणी डोरिस आणि बर्टी यांच्याशी बोलत आहोत अशी कल्पना करतात. बहिणी हुशार आहेत, पण हिशेबशास्त्राच्या जाणकार नाहीत. ही युक्ती आम्ही सर्रास वापरतो. बाजीला सांगायचे असेल तर कसे सांगशील, असे विचारले की पोरगा तोंडी फक्कड सांगतो. तेच लिहायला लावायचे. बाजीला कुणी 'उपरोक्त विषयास अनुसरून' असे सांगत नाही.

थोडक्यात लिहिण्याची गरज नुसती धंद्यापुरती नाही. ऑगस्ट १९४० मध्ये, युद्धाच्या ऐन धामधुमीत, ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी आपल्या खात्यांना एक टिपण धाडले होते: अहवाल आखूड करा, मुद्दे स्वतंत्र छोट्या परिच्छेदांत मांडा, किचकट आकडे पुरवणीत टाका. चर्चिलांची हिंदुस्थानबद्दलची मते आम्हाला कधीच पचली नाहीत. पण हे टिपण एका पानाचेच होते, हे मान्य करावे लागते.

शिफ्ट बदलताना

ऑफिसच्या टेबलावर बसणाऱ्यांनीच लिहिणे सुधारावे असे वाटत असेल, तर आता जे सांगतो ते मुद्दाम वाचा. आपल्या कोकणातली कितीतरी मुले रसायनांच्या कारखान्यांत पाळीवर असतात आणि कितीतरी जण आखातात तेल-वायूच्या कामावर असतात. त्यांचे लिहिणे म्हणजे लॉगबुक. पाळी संपताना दोन ओळी.

असाच एक मुलगा आपल्या कामाच्या डायरीचा फोटो दाखवत होता. नोंद होती: 'पंप चेक केला. ठीक.' आम्ही विचारले, कोणता पंप? तीन नंबरचा. किती वाजता? रात्री दोनच्या सुमारास. ठीक म्हणजे? गळती नव्हती, पण थोडा आवाज येत होता. आवाज आल्याचे लिहिले का नाहीस? "सकाळच्या माणसाला सांगितलं होतं." आणि तो आलाच नसता तर?

त्या दिवशी त्याचे काका बरोबर होते. अठ्ठावीस वर्षे आखातात समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काढलेली. त्यांनी पोराला पायपर अल्फाची हकीकत सांगितली. त्या धंद्यातल्या माणसांना ती सुरक्षेच्या वर्गात शिकवली जाते.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर, उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाचा तेल आणि वायूचा प्लॅटफॉर्म होता. ६ जुलै १९८८ रोजी दिवसपाळीत तिथल्या एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला. काम संध्याकाळपर्यंत पुरे झाले नाही. पाइपाच्या उघड्या तोंडावर तात्पुरते झाकण बसवले. परवान्याचे दोन कागद होते: एक पंपाच्या मोठ्या दुरुस्तीचा, जी सुरूच झाली नव्हती, आणि दुसरा व्हॉल्व्हचा. पाळी बदलताना व्हॉल्व्ह काढलेला आहे, ही गोष्ट रात्रपाळीच्या माणसांपर्यंत पोचली नाही. रात्री दहाच्या आसपास दुसरा पंप बंद पडला. माणसांनी कागद पाहिले. पहिला परवाना दिसला, दुरुस्ती सुरू झालेली नाही हे दिसले. व्हॉल्व्हच्या कामाची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी तो पंप चालू केला. वायू बाहेर आला आणि स्फोट झाला. १६७ माणसे गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी समितीचा अहवाल १९९० मध्ये आला, त्यात १०६ शिफारशी होत्या. कामाचे परवाने आणि पाळीचा बदल यांवर त्यात बरेच काही आहे. दुर्घटनेला इतर कारणेही होती. पण सुरुवात झाली ती हातात न पडलेल्या एका कागदापासून.

काकांनी सांगितले तेव्हा वाचनालयात कुणी बोलले नाही. मुलगा आता लिहितो: 'पंप ३, रात्री २:१०, गळती नाही, बेअरिंगकडून आवाज, सकाळी फिटरने पाहावे, तोपर्यंत पंप ४ वापरावा.' आणि पुढच्याची वाचल्याची सही घेतो. त्याचे जोडीदार त्याला थट्टेने मुन्शी म्हणतात.

व्हॉट्सॲप आणि यंत्र

आजकाल निम्मा धंदा व्हॉट्सॲपवर चालतो, त्याला आमची ना नाही. तक्रार आहे ती व्हॉइस मेसेजबद्दल. चालत्या स्कूटरवरून पाठवलेली दोन मिनिटांची ऑर्डर, त्यात मध्येच हॉर्न, मध्येच कुणाला सलाम. महिन्याने भांडण होते की पांढरा रंग सांगितला होता की क्रीम. कुणी परत ऐकत बसायचे? फोनवर काहीही ठरले की लगेच दोन ओळी लिहून पाठवाव्या: आत्ता ठरल्याप्रमाणे ४० नग, क्रीम रंग, १५ तारखेला, भाडे तुमच्याकडे; बदल असल्यास आज कळवावे. नुसता अंगठा आला तरी काहीतरी हाती राहते, 'ठीक आहे' लिहून आले तर अधिक बरे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही इलेक्ट्रॉनिक नोंदी पुरावा म्हणून चालतात, मात्र ठरलेल्या नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते. आमच्यातली कायद्याची विद्यार्थिनी प्रत्येकाला सांगते, चॅट पुसू नका, फोन बदलताना जपून ठेवा.

आणि चॅटजीपीटी. तरुण मुले आता पत्र त्याच्याकडूनच लिहून आणतात. वाक्ये गुळगुळीत असतात, शुद्धलेखन सुधारते, ज्याला इंग्रजीचा धाक आहे त्याला आधार मिळतो. पण एका मुलाने नोकरीचा अर्ज तसा करून आणला, त्यात तो कधीच न शिकलेल्या दोन सॉफ्टवेअरची नावे होती. यंत्राने सुचवली, त्याने राहू दिली. मुलाखतीत त्यावरच प्रश्न आला असता तर? दुसऱ्याच्या पत्रात यंत्राने पुन्हा तेच केले होते जे आम्ही काढायला सांगतो: आरंभीच्या चार ओळी स्नेहाच्या संबंधांच्या. बिल क्रमांक यंत्राला ठाऊक नसतो. तो आपल्या वहीतूनच यावा लागतो. ग्राहकांची नावे, खाते क्रमांक, पगाराचे आकडे त्यात टाकू नयेत, हेही आम्ही बजावतो.

पत्र पाठवण्यापूर्वी आम्ही एकच चाचणी घेतो आणि तिला दोन मिनिटे पुरतात. कागद घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्यायचा, ज्याला प्रकरण माहीत नाही. बीबी, मुलगा, शेजारी, कुणीही चालेल. एकदा वाचून त्याने सांगायचे: हे पत्र कुणाला आहे, त्याने काय करायचे आहे आणि कधीपर्यंत. तो अडखळला तर त्याला समजावत बसायचे नाही, पत्र बदलायचे. आमच्याकडे एक आजी दर रविवारी नातवाबरोबर येतात, त्या चौथी शिकलेल्या आहेत. निम्मी पत्रे त्यांच्याच कसोटीला उतरून गेली आहेत. "यात मागितलंय काय?" हा त्यांचा सवाल आता आमच्यात म्हणच झाली आहे.

वर्कशॉपवाल्या भाईंचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. नवे पत्र त्यांनी कंपनीत नेऊन दिले आणि, पहिल्यांदाच, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली: सही, तारीख, शिक्का. आधीच्या तीन पत्रांची पोच त्यांच्याकडे नव्हती. चौथ्या दिवशी कंपनीच्या हिशेब खात्यातून फोन आला. चलनाची प्रत त्यांच्याकडे कधी पोचलीच नव्हती. ती स्टोअरमध्येच राहिली होती, आणि चलनाशिवाय बिल पुढे सरकत नाही. आधीची पत्रे बड्या साहेबांच्या नावाने गेली होती आणि त्यांच्या केबिनमध्ये पडून होती. कुणाच्या मनात बुडवायचे नव्हते. पाच महिने चार कारागिरांचे पगार थकले ते एका कागदाच्या प्रतीपायी.

जुलैअखेर एक लाख रुपये जमा झाले. साहेब रागावले नाहीत. ऑगस्टमध्ये वीस रॅकची नवी ऑर्डर आली. ती फोनवर आली, भाईंनी ती त्याच संध्याकाळी लिहून पाठवली आणि उत्तर आल्यावरच लोखंड आणले. जुन्या बिलाचे शहाऐंशी हजार अजून यायचे आहेत. त्याचे पत्र लिहून तयार आहे, पाच ओळींचे. या रविवारी आजींना वाचून दाखवायचे आहे.